न बोललेल्या भांडणाची फिल्म: सोलापुरातलं एक घर, चार माणसं, पंधरा मिनिटं

पहिल्यांदा फिल्म करणारे बहुतेक जण घरातलं भांडण लिहायला घेतात आणि तिसऱ्याच पानावर सगळ्यांना ओरडायला लावतात. ताट आपटतं, ‘तू माझ्यासाठी काय केलंस?’ हे वाक्य येतं, आणि तिथून पुढं प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. जवळच्या माणसावरचा जुना राग घरात असा क्वचितच बाहेर पडतो. तो फोन न उचलण्यात असतो, वाढताना एकाच्या ताटाकडं न बघण्यात असतो, ‘मला काय, तुम्ही ठरवा’ या चार शब्दांत असतो. असा राग पडद्यावर आणायचा तर लिखाणापासून सबटायटलपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट सांभाळावी लागते: कोणी तो बोलून दाखवायचा नाही, तरी तो सगळ्यांना कळला पाहिजे.

इथं हिशेब धरलाय तो असा: एक घर, चार पात्रं, पाच-सहा जणांची टीम, तीन दिवसांचं शूटिंग, १५ मिनिटांची फिल्म. कॅमेरा मोबाईलचा असला तरी चालेल.

आधी दुखणं ठरवा

गोष्ट सुचण्याआधी प्रत्येक पात्रासाठी वेगळ्या कागदावर तीन ओळी लिहा. या माणसाला काय हवं होतं? ते कोणी, कधी नाकारलं? आणि आता त्याच्या बदल्यात तो रोजच्या जगण्यात काय मागतो? तिसरी ओळ सगळ्यांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुतेकांकडून राहून जाते. ‘थोरल्याला शिकायचं होतं, मिल बंद पडल्यावर वडिलांनी त्याला मागावर बसवलं’ या झाल्या दोन ओळी. त्यावर माहितीपट निघेल, नाट्य निघणार नाही. ‘धाकटा पुण्याहून आला की थोरला त्याला हटकून कारखान्यातलं काहीतरी जड उचलायला लावतो’ ही तिसरी ओळ लिहिली की दृश्य डोळ्यासमोर येतं.

दुखणं इथल्या मातीतलं घ्या. सोलापुरात कापडगिरण्या बंद पडल्या, हजारो घरं यंत्रमागावर आणि विडीवर आली, शिकलेली पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेली. कोणी गेलं, कोणी राहिलं, आणि राहिलेल्यानं म्हातारी माणसं सांभाळली. हा हिशेब हजारो घरांत मांडलेला असतो आणि कुठल्याच घरात मोठ्यानं वाचला जात नाही.

दुसरी खाण हक्कसोडपत्राची. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात. सही केली तर हक्क जातो, नाही केली तर भाऊबीज जाते, आणि यातलं काहीही कोणी उच्चारत नाही. असा विषय घेतलात तर तपशील चोख ठेवा. घराचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं, नुसत्या साध्या कागदावर सही करून भागत नाही. पडद्यावर घरातल्या घरात सही उरकलेली दाखवली, तर या कामासाठी ज्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात तो प्रेक्षक तिथंच तुमच्या हातून सुटतो.

एका फिल्ममध्ये एकच मूळ दुखणं ठेवा. पंधरा मिनिटांत जमीन, हुंडा, आजारपण आणि दारू एकत्र आली की प्रत्येक गोष्ट नुसती सांगावी लागते.

हातांना काम द्या

समोरासमोर बसून बोलणारी दोन माणसं काही ना काही बोलूनच टाकतात. म्हणून कोणालाही रिकामं बसवू नका. प्रत्येक दृश्याला एक घरकाम ठरवा, आणि ते दृश्याच्या लांबीत थोडं पुढं सरकेल असं निवडा. विडी वळणं यासाठी फार चांगलं: मांडीवर सूप, पानाला कात्री, चिमूटभर तंबाखू, वळणं, टोक दुमडणं, दोरा. मजुरी हजारी विड्यांवर असते, त्यामुळं हात थांबणं म्हणजे पैसे थांबणं. बाईची कात्री दोन सेकंद थांबली तर त्या दोन सेकंदांना वजन येतं. शेंगाची चटणी कुटणं, कडक भाकऱ्या चळतीनं रचून बांधून देणं, चादरीच्या घड्या घालणं, हीही चालतात. घडीला दोन माणसं लागतात, म्हणजे न बोलणाऱ्या दोघांना एकमेकांकडं चार पावलं चालत यावंच लागतं.

वर सांगितलेलं सगळं एकत्र आलं की दृश्य साधारण असं दिसेल. जानेवारी, गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा. थोरली बहीण माहेरी आलीय. आई विडीची पानं कापतेय. धाकटा भाऊ येतो, पिशवीतला लांबट लिफाफा टीव्हीखाली सरकवतो.

‘अक्का, दोन दिवस रहा की. गड्डा बघूनच जा.’

‘पोरांची शाळा हाय.’

‘सोमवारी ऑफिस उघडतंय म्हणालते हे,’ वहिनी स्वयंपाकघरातून म्हणते.

‘कुठलं ऑफिस? तू च्या टाक.’

आईची कात्री थांबते. अक्का लिफाफ्याकडं बघत नाही. ती आईसमोर बसते, दुसरं सूप ओढते आणि लग्नाआधी बसायची तशी विड्या वळायला लागते.

वारसा, सही, हिस्सा, घर, यातला एकही शब्द इथं आलेला नाही. लिहून झाल्यावर तुमच्या प्रत्येक दृश्याला हीच कसोटी लावा: मूळ दुखण्याशी संबंधित पाच शब्द काढा, पानावर सापडले की खोडा. खोडल्यावर दृश्य कळेनासं झालं, तर चूक संवादात नाही. हाताला दिलेलं काम किंवा वस्तूची जागा चुकली आहे.

चार गोष्टी मुळात लिहूच नका. हार घातलेल्या फोटोशी बोलणं, सापडलेली डायरी, भूतकाळात नेणारं दृश्य, आणि सगळं समजावून सांगणारा मामा. चौघंही प्रेक्षकाचं काम स्वतः करून टाकतात.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा ढोबळ हिशेब इथं चालत नाही, कारण शांततेला पानावर जागा लागत नाही. पंधरा मिनिटांसाठी दहा-अकरा पानं पुरतात. घड्याळ लावून, कामासकट, मोठ्यानं वाचून बघा.

बोली आणि नाती

पुण्याच्या वृत्तपत्री मराठीत सोलापूरचं घर उभं राहत नाही. ‘काय करायलीस’, ‘जेवलीस का की’, ‘बघ की’ ही वळणं ऐकून लिहा, पण प्रत्येक वाक्याला चिकटवू नका. चिकटवली की नक्कल होते. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. अशा घरात कोण कधी भाषा बदलतं हे फार कामाचं असतं. मराठी घरातून आलेली सून खोलीत आल्यावर सासू आणि नणंद तेलुगूत चालू राहिल्या, तर ते एक वागणं झालं. तिला पाहून दोघी मराठीवर आल्या, तर दुसरंच. दोन्हींत कोणी कोणाला बोललेलं नाही. ती भाषा घरात बोलणारेच नट घ्या, पाठ करून बोललेली तेलुगू इथल्या कानाला लगेच कळते.

आणखी एक बाब. यंत्रमागाच्या कारखान्यात आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि वर्षानुवर्षं तिथं काम केलेल्यांना कमी ऐकू येतं. त्या घरांत सगळे वरच्या पट्टीत बोलतात, कुजबुज करताच येत नाही. वडील मागावर काम केलेले असतील, तर नटाला हे आधीच सांगा. जोरात बोलणं म्हणजे राग नाही, हे पहिल्या दोन मिनिटांत बसलं, की नंतर त्याच माणसाचा आवाज खाली येणं हीच मोठी घटना होते.

घर आणि हंगाम

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत शूटिंग करा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर असतो. पंखा तर आवाजासाठी बंद करावा लागतो. नट घामानं निथळतात, आणि मोबाईल तापून मध्येच रेकॉर्डिंग बंद करतो. संक्रांतीचा आठवडा मात्र टाळा, गोष्ट गड्ड्यातली असली तरी. यात्रेची गर्दी आणि नंदीध्वज एका वेगळ्या दिवशी छोट्या टीमनं टिपा, घरातली दृश्यं पुढच्या आठवड्यात घ्या.

घर बघायला जाल तेव्हा चार गोष्टी तपासा. खिडकीतून ऊन कधी येतं, ते सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार असं तीनदा जाऊन बघा. पाण्याचा दिवस विचारा: इथं नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी बादल्या, मोटारी आणि हाकांपुढं तुमचं काही चालणार नाही. शेजारी कारखाना असेल तर मागांची पाळी कधी बदलते आणि सुट्टीचा वार कोणता, हे खुद्द कारखानदाराला भेटून विचारा. चौथं, खोलीला दोन दारं किंवा दार आणि आतल्या खोलीची चौकट आहे का ते बघा. उंबऱ्यावर थांबलेला माणूस आत आहे की बाहेर, हे ठरत नसतं. या प्रकारच्या फिल्ममध्ये त्या जागेचा उपयोग वारंवार होतो.

घर आवरू नका, रंगवू नका. घरमालकाची आणि प्रत्येक नटाची लेखी संमती घ्या, त्यात फिल्म कुठं कुठं दाखवणार हेही लिहा.

कॅमेरा

माणसं जमिनीवर बसणार असतील तर कॅमेरा जमिनीपासून दोन ते अडीच फुटांवर ठेवा. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांनी चटईवर बसणाऱ्या घरांसाठी कॅमेरा खाली आणला तो याच कामासाठी. उभं राहून खाली बघणारा कॅमेरा घरातल्या माणसांना लहान करतो.

दहा बाय बाराच्या खोलीत फुल-फ्रेम कॅमेऱ्याला २८ किंवा ३५ मिमीची लेन्स पुरते, एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर १८ ते २४. मोबाईलवर मुख्य लेन्सच वापरा. अतिरुंद लेन्सनं खोली मोठी दिसते, पण कडेचे चेहरे ताणले जातात आणि माणसांमधलं अंतर खोटं होतं. इथं अंतर हाच मजकूर आहे.

सेटिंग असं: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड घेते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/५० मध्ये बरोबर दोन ठोके बसतात आणि उजेड स्थिर दिसतो. मोबाईल आपोआप ३० फ्रेम आणि १/६० वर जातो, आणि भिंतीवर सरकते पट्टे दिसू लागतात. ते नंतर पुसणं फार जिकिरीचं असतं. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, त्यात फ्रेम, शटर, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाचा समतोल) चारही पक्के करा.

उजेड खिडकीचा घ्या, ट्यूब बंद ठेवा. ट्यूबचा रंग साधारण ६५०० केल्विन, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००. दोन्ही एकत्र लावले की एकाच चेहऱ्याचा अर्धा भाग निळा पडतो. सावलीची बाजू फार काळी पडली तर थर्माकोलची पांढरी शीट चेहऱ्यापासून तीन-चार फुटांवर धरा. जो माणूस काही लपवतोय त्याच्या बाजूला मात्र शीट धरू नका.

प्रत्येक दृश्याला एक पूर्ण लांबीचा सर्वांचा शॉट, मग ऐकणाऱ्याचा जवळचा शॉट, मग हात आणि वस्तू. बोलणाऱ्याचा जवळचा शॉट शेवटी, वेळ उरला तर.

आवाज, ज्यात निम्म्या फिल्म बुडतात

अंधूक चित्र प्रेक्षक सहन करतो. घुमणारा संवाद तो एक मिनिटही सहन करत नाही. शांततेवर उभ्या असलेल्या फिल्मचा तर हा कणाच आहे, म्हणून टीममधला एक माणूस फक्त आवाजासाठी ठेवा, त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

सिमेंटच्या भिंती आणि शहाबादी फरशी यांनी खोली घुमते. टाळी वाजवून बघा, टाळीमागं घुमणारं शेपूट ऐकू आलं तर फ्रेमबाहेरच्या दोन भिंतींवर आणि जमिनीवर जाड सोलापुरी चादरी लावा. चादर भिंतीला चिकटवू नका. दोरीवर भिंतीपासून तीन-चार इंच पुढं टांगली तर आवाज जास्त शोषते. सहा ते आठ चादरींत दहा बाय बाराची खोली बरीच शांत होते.

पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही आणि ज्यांच्या घरात आपण आहोत त्यांचं दूध नासणार नाही.

कॉलर माइक गळ्याच्या खड्ड्याखाली चार बोटांवर. सुती साडीवर तो निमूट राहतो. सिंथेटिक पदर प्रत्येक श्वासाला खसखसतो, म्हणून कपडे ठरवतानाच कापड ठरवा. बांगड्या लागणार असतील तर संवादाच्या शॉटमध्ये त्या काढून ठेवा आणि त्यांचा आवाज वेगळा घ्या. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलण्याची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला लागलेला आवाज फाटतो आणि दुरुस्त होत नाही. आवाज चढणार असेल त्या दृश्याची तालीम मीटर बघूनच करा.

प्रत्येक खोलीत, सगळी माणसं जागेवर असताना, ६० सेकंद कोणी न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये तुम्ही जे विराम वाढवणार आहात ते यानंच भरायचे असतात. हे घेतलं नाही, तर विरामाच्या जागी भोक पडल्यासारखं वाटतं.

मागांची खटखट गोष्टीत हवी असेल तर ती संवादाबरोबर घेऊ नका. कारखान्यात जाऊन वेगळी घ्या: दारात, गल्लीत, आणि बंद खिडकीमागून, प्रत्येकी तीन मिनिटं. मग एडिटिंगमध्ये ती कमीजास्त करणं तुमच्या हातात राहतं. दृश्याच्या मध्यावर पाळी संपून माग थांबले आणि घरात एकदम आपलंच बोलणं ऐकू यायला लागलं, तर गप्प बसलेल्या दोन माणसांसाठी याहून चांगलं पार्श्वसंगीत मिळणार नाही. व्हायोलिन आणि बासरी लावूच नका.

तालीम आणि तीन दिवस

चार-पाच तालमी घ्या, शक्यतो त्याच घरात. पहिल्या दोन संवादाशिवाय, फक्त कामाच्या: विडी वळता न येणारी बाई विडी वळतेय हे सोलापुरात कोणाच्याही लक्षात येईल, म्हणून वळणाऱ्या बाईकडूनच शिकून घ्या आणि तिच्या वेळेचे पैसे द्या.

त्या तीन ओळींचा कागद ज्याचा त्यालाच द्या, दुसऱ्याचा दाखवू नका. भावाचं काम करणाऱ्याला अक्काला नेमकं काय सलतंय हे माहीत नसलं की तो खरोखर चाचपडत बोलतो. सूचना सगळ्यांसमोर न देता कानात द्या, आणि भावना सांगण्याऐवजी कृती सांगा. ‘दुःखी हो’ म्हटलं की चेहरा केला जातो. ‘लिफाफ्याकडं बघायचं नाही, आणि सोमवारपर्यंत थांबायचंही नाही’ म्हटलं की माणूस वागायला लागतो. नटाच्या स्वतःच्या घरातलं दुखणं उकरून काढू नका. ते तुम्हाला मिटवता येत नाही, आणि शूटिंग संपल्यावर तो एकटाच ते घेऊन घरी जातो.

दिवसाला चार पानं, त्याहून जास्त नाही. सर्वांत अवघड दृश्य दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा: पहिल्या दिवशी लोक बुजलेले असतात, तिसऱ्या दिवशी थकलेले. पाचपट फुटेज धरा, म्हणजे ७५ मिनिटं. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दरानं मिनिटाला ७५० एमबी होतात, एकूण साधारण ५६ जीबी. रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती करा, दोन्ही एकाच बॅगेत ठेवू नका, आणि त्या उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका.

जुळणी

दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. मोबाईलचं फुटेज बऱ्याचदा बदलत्या फ्रेमदराचं असतं, त्यामुळं वेगळा घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून सगळं स्थिर २५ फ्रेममध्ये करून घ्या, मग टाइमलाइनवर आणा.

नवखा माणूस जो बोलतो त्याच्यावर कापतो. तुम्ही ऐकणाऱ्यावर रहा. वाक्याचा शेवटचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर येऊ द्या, आणि वाक्य संपल्यावर १५ ते २५ फ्रेम थांबा. बहुतेक वेळा नट काहीतरी गिळतो ते याच फ्रेममध्ये. सगळेच विराम लांबवले तर फिल्म सुस्त होते, म्हणून नुसत्या व्यवहाराची दृश्यं घट्ट कापा आणि वाचवलेला वेळ दोन-तीन जागी खर्च करा. शेवटचं दृश्य काढून एकदा फिल्म बघा. पहिल्या फिल्ममध्ये ते बहुधा समेटाचं असतं आणि बहुधा नको असतं.

कच्ची फिल्म पाच-सहा जणांना दाखवा, ज्यांनी पटकथा वाचलेली नाही. ‘आवडली का?’ विचारू नका. विचारा: कोण कोणावर रागावलंय? कशावरून कळलं? कुठल्या क्षणी कळलं? दुसऱ्या प्रश्नाला लोक एखादं वाक्य सांगत असतील तर ते वाक्य काढून परत दाखवा. एखादी वस्तू किंवा हालचाल सांगत असतील तर तिला हात लावू नका.

चित्रपटगृहात जाहीर दाखवायची असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांचे नियम वेगवेगळे, ते अर्ज भरण्याआधी वाचा. इंग्रजी सबटायटल बहुतेक ठिकाणी लागतात: एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत ४२ अक्षरांपर्यंत. ते मराठी न समजणाऱ्या एखाद्या माणसाला दाखवून तपासा. अक्का, वहिनी, आत्या ही नाती तशीच ठेवा, त्यांच्या जागी पात्रांची नावं टाकू नका. आणि भाषांतर करणाऱ्याला बजावून सांगा की ‘गड्डा बघूनच जा’ याचं ‘सही होईपर्यंत थांब’ करायचं नाही.